सात नंबरचा ठिपका

नेलपॉलिश आणायची मी आणि लावायचा माझा दादा. हे ऐकून हसू येत असेल तर हसून घ्या. आम्हीही वीस वर्षं हसलो. मी स्वतः कधी नखं रंगवली नाहीत. दिवसभर शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईच्या नखांवर रंग चार दिवस टिकत नाही. बाटली मात्र माझ्या कपाटात, दोऱ्यांच्या डब्यामागे असायची, कारण दादाच्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली ती महिन्याभरात घट्ट व्हायची. वर्षातून एकदा तो ती मागून न्यायचा आणि काम झालं की आणून जागेवर ठेवायचा.

दादा पन्नाशीचा आहे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत एका बाईंनी गाड्या फिरवायचा ट्रॅक काढलाय. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. तिथे चौदा क्वाड होत्या. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची छोटी गाडी. दगडधोंड्यांवर, चिखलात, चढावर कुठेही घाला. शहरातले लोक हौसेने येतात, अर्धा तास धूळ खातात आणि खूश होऊन जातात. त्या चौदा गाड्या पहिल्या दिवसापासून दादाच्या हातात होत्या. त्यांच्या सीटची कव्हरं मी शिवायचे. गिऱ्हाइकांना गाडी कशी चालवायची ते शिकवायचं काम आमचा धाकटा भाऊ करायचा. तो चौतीस वर्षांचा झाला तरी घरात आणि बाहेर त्याला बारक्याच म्हणतात. एकाच घरातली तीन माणसं एका खाणीवर जगत होती, असं म्हणायला हरकत नाही.

बोलण्याच्या बाबतीत दादा अगदीच कंजूष. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे त्याचे शब्द मोजले तर एका पानाला पुरायचे नाहीत. पण गाडी बिघडली की त्याच्यात वेगळाच माणूस जागा व्हायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे. मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा. भाजलेल्या पावासारखा असला तर ठीक, काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असला तर कमी. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का, कॉकमधून पेट्रोल सरळ पडतंय का, हवेचा फिल्टर धुळीने भरलाय का, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडलाय तिथलं रबर चिरलंय का, हे सगळं ओळीने बघायचं. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. "रुमाल सापडत नाही म्हणून लोक आधी भिंत पाडतात," असं तो इतर मेकॅनिकांबद्दल म्हणायचा. हा त्याचा सगळ्यात मोठा विनोद, आणि तो आम्ही दर वर्षी नव्याने ऐकायचो.

आता ठिपक्याचं सांगते. कार्बोरेटरला एक छोटा पितळी स्क्रू असतो. गाडी हळू चालताना हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते तो ठरवतो. दादा तरुणपणी ज्या गॅरेजात होता तिथे येईल तो तो स्क्रू पिळायचा आणि गाडी बिघडली की बोलणी दादाला बसायची. तेव्हापासून त्याने एक रीत लावून घेतली. स्क्रू मनासारखा बसला की त्याच्या डोक्यावर काडीच्या टोकाने नेलपॉलिशचा एक ठिपका. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटणार. ठिपका शाबूत असला की तिथे बघायचंसुद्धा नाही, दुसरीकडे शोधायचं. स्वतःच्या कामावर इतका विश्वास मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. खाणीवर त्याला ठिपकेवाला म्हणायचे, आणि तो ते मनावर घ्यायचा नाही.

बारक्याला लहानाचं मोठं आम्ही दोघांनी केलं. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आई त्याआधीच गेली होती. दादा बाविशीचा. त्याचं लग्न राहून गेलं. माझं झालं आणि दोन वर्षांत मोडलं, मी परत आले. बारक्याचे दात पडले, आले, त्याला गोवर झाला, तो नापास झाला, पास झाला, सगळं आमच्या डोळ्यांसमोर. त्याच्या जिभेवर साखर आहे. भांडायला आलेलं गिऱ्हाईक त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की फोटो काढून घेऊन जातं. दादानेच मॅडमकडे शब्द टाकून त्याला तिथे लावला होता. "माझा भाऊ आहे," एवढंच तो म्हणाला होता, आणि मॅडमना तेवढं पुरलं होतं.

जुनी बाटली यंदा पार वाळली. वर्षाची कामं उरकेपर्यंत कशीबशी पुरली आणि मग तळाशी खडा झाला. मी नवी आणून ठेवली. दुकानात तोच रंग मिळाला नाही, जवळचा मिळाला. दादाला तिची गरज आता पुढच्या वर्षीच लागणार होती, म्हणून मी त्याला सांगितलंही नाही. दोन दिवसांनी बारक्या आला. "ताई, हेल्मेटवर नंबर घालायचेत, ती बाटली दे ना." मी दिली. संध्याकाळी त्याने परत आणून दिली. मागितली, दिली, परत आली. घरात अशा गोष्टी कोण लक्षात ठेवतं?

त्याच आठवड्यात सात नंबरची गाडी बिघडली.

सकाळी चोक ओढला की सुरू व्हायची, सपाटीवर बरी चालायची. पण मोठ्या उतारावर चालवणाऱ्याने रेस सोडली आणि परत दिली की सायलेन्सरमधून फटफट आवाज करत बंद पडायची. गरम झाल्यावर लवकर सुरूही व्हायची नाही. दादाने झाकण पाहिलं, कॉक पाहिला, फिल्टर धुतला, रबर बदललं. मग कार्बोरेटर खाली घेतला. आतले पेट्रोल सोडणारे बारीक जेट काढून तारेने साफ केले, हवा मारली, पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची उंची मोजली, सुई बदलली. ठिपका शाबूत होता, म्हणून स्क्रूला हात लावला नाही. गाडी पुन्हा बंद पडली. त्याने पुन्हा उघडला. तीन आठवड्यांत पाच वेळा. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. "पेट्रोल कमी पडतंय," तो स्वतःशीच म्हणायचा. "प्लग पांढरा येतोय. पण कुठून कमी पडतंय?" समोर बसलेला बारक्या म्हणायचा, "दादा, गाड्याच जुन्या झाल्यात रे. तू तरी काय करणार?" मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार झालाय.

मग एक दिवस एक शिक्षिका त्या गाडीवरून उतार उतरत असताना गाडी मध्येच बंद पडली, आडवी घसरली आणि झुडपात गेली. बाईंचं मनगट मुरगळलं. बारक्याने त्यांना आपल्या गाडीवर बसवून खाली आणलं, पाणी दिलं, हसवलंसुद्धा. मॅडमनी मात्र दादाला बोलावून सरळ सांगितलं, "कार्बोरेटर नसलेल्या नव्या गाड्या एक कंपनी द्यायला तयार आहे. पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. मी तुमच्यासाठी थांबले होते. शुक्रवारपर्यंत सात नंबर नीट झाली तर या गाड्या ठेवते. नाही झाली तर सगळ्या विकते." सगळ्या विकल्या तर दादाला तिथे काम उरणार नव्हतं. कॉम्प्युटरच्या गाडीला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकण्यासारखं काही नसतं, हे त्यालाही कळत होतं.

बुधवारी दुपारी मी सात नंबरचं नवं सीटकव्हर बसवायला वर्कशॉपमध्ये गेले. घसरताना जुनं फाटलं होतं. दादा गाडीशेजारी उकिडवा बसला होता. मी कव्हर ओढून खालून बांधायला वाकले आणि कार्बोरेटरवरचा ठिपका दिसला.

मी तीस वर्षं कापडाला दोरा जुळवतेय. पिवळ्या उजेडात काळा आणि गडद निळा मी बोटांवर घेऊन वेगळा सांगते. दादाचे ठिपके सुकलेल्या डाळिंबाच्या सालीसारखे गडद होते. या ठिपक्यात गुलाबी झाक होती. हा रंग तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः दुकानातून निवडून आणला होता.

"दादा," मी म्हटलं, "हा ठिपका तुझा नाही."

त्याने बघितलं. त्याला फरक दिसला नसावा, पण माझ्या नजरेवर त्याचा भरवसा होता. नखाने त्याने ठिपका खरवडून काढला. मग स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसेपर्यंत पिळत फेरे मोजले. त्याचं माप कायम सव्वादोन फेरे. हा पाऊण फेऱ्यातच बसला.

त्याने स्क्रू सव्वादोन फेऱ्यांवर आणला, गाडी सुरू केली, गरम होऊ दिली, मग स्वतः मोठ्या उतारावर नेली. रेस सोडली, दिली, सोडली, दिली. एकदाही अडकली नाही. परत येऊन बंद केली आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते, तरी पुसत राहिला.

"तो जुना रंग संपला?"

"हो. नवी आणली मी."

"नवी कोणाच्या हातात गेली होती?"

बारक्याचं हेल्मेटचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवलं. हेल्मेटवर नंबर मी अजून पाहिले नव्हते, हेही आठवलं. आणि तरी मी म्हटलं, "माझ्याच कपाटात आहे ती. मला नाही माहीत."

का म्हटलं? मला वाटलं, आधी मी त्याला विचारीन. कदाचित भलतंच काही निघेल. गोवर झालेल्या पोराच्या अंगावर मी रात्रंदिवस ओला फडका फिरवलाय. त्या पोराचं नाव मी दादाच्या हातात असं कसं देऊ? हे सगळं आज सांगता येतं. तेव्हा तोंडातून फक्त तेवढंच आलं. दादा माझ्याकडे बघत होता. तो इंजिनाकडे बघतो तसंच.

"बरं," तो म्हणाला.

संध्याकाळी मी बारक्याला मागच्या अंगणात गाठलं आणि दादाने स्क्रू कसा शोधला ते सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आकाशपाताळ एक करेल. तो नळाखाली पाय धूत होता, धूतच राहिला.

"अर्धा-एक फेराच पिळला गं ताई."

"दीड."

"दीड. आणि एकदाच. मला वाटलं दादा पहिल्याच दिवशी पकडेल. त्याने त्या स्क्रूकडे बघितलंच नाही. स्वतःच्या ठिपक्याला तो देव मानतो, त्याला मी काय करू?"

"का केलंस?"

"नव्या गाड्या आल्या की ट्रॅक मी बघायचा, असं मॅडम म्हणाल्यात. ट्रेनिंगला मलाच पाठवणार आहेत. आज ना उद्या हे होणारच होतं. मी फक्त लवकर घडवलं. दादाने आयुष्यभर केलं आपल्यासाठी, आता त्याने घरी बसावं. मी पोसीन त्याला."

"त्या बाईंचं मनगट?"

त्याने नळ बंद केला आणि मान खाली घातली. तेवढ्यावरूनच मला वाटलं, याच्यात अजून काहीतरी शिल्लक आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "उद्या सकाळी तू स्वतः दादाला सांगायचं. नाहीतर मी सांगते."

"सांगतो," तो म्हणाला. आणि माझे हात धरले. ओले, गार हात. लहानपणी शाळेत सोडताना धरायचा तसे.

सकाळी उठले तर तो निघून गेला होता. मला वाटलं, दादालाच सोबत घेऊन गेला असेल, वाटेत बोलायला. मी ब्लाउजला हुक लावत बसले. नऊच्या सुमाराला मनाला राहवेना म्हणून खाणीवर गेले.

मॅडमच्या ऑफिसचं दार उघडं होतं. दादा उभा होता, बारक्या खुर्चीत बसला होता, मान खाली. मॅडम दादाला विचारत होत्या, "स्क्रूचं माप चुकलं होतं, हे काल तुमच्याच लक्षात आलं ना? बारक्याने सांगितलं मला. त्याला वाईट वाटत होतं सांगताना. म्हणाला, दादाची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. त्यावर तुमचंच सील होतं. दुसरं कोणी ते लावत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

मला समजायला एक क्षण लागला. काल अंगणात मी त्याला जे सांगितलं होतं, तेच घेऊन तो दादाच्या आधी इथे पोचला होता. मी त्याला माणुसकी म्हणून एक रात्र दिली होती आणि तेवढ्यात त्याने केसाने गळा कापला. दादाचाही, माझाही.

मी आत शिरले. "मॅडम, ते सील दादाचं नव्हतं. रंग वेगळा होता. नवी बाटली मी बारक्याला दिली होती, त्यानेच स्क्रू पिळला. काल संध्याकाळी माझ्यासमोर कबूल केलंय."

मॅडमनी बारक्याकडे बघितलं. त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, हे मी आजही म्हणते. "ताई दादासाठी काहीही बोलेल, मॅडम," तो म्हणाला. "तिचाही दोष नाही."

"तो वेगळा रंग दाखवता येईल?" मॅडमनी विचारलं.

दाखवता येणार नव्हता. दादाने तो नखाने खरवडून टाकला होता.

"दादा, तू सांग ना," मी म्हटलं. "मी तुला दाखवला होता की नाही?"

दादा आतापर्यंत मॅडमकडे बघत होता. आता त्याने माझ्याकडे बघितलं. "दाखवलास," तो म्हणाला. "मग मी विचारलं, बाटली कोणाच्या हातात गेली होती. तू म्हणालीस, माहीत नाही."

हे तो मॅडमना सांगत नव्हता. मला विचारत होता. पण ऐकलं मॅडमनी, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून माझा शब्द पुसला गेला. मी तरी काय म्हणणार? काल खोटं बोलले, आज खरं बोलतेय? मॅडम वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातलं घरात मिटवा. मला या गाड्यांवर आता भरवसा ठेवता येत नाही." सात नंबर तेव्हा बाहेर उभी होती, अगदी ठणठणीत.

नव्या गाड्या महिन्याभरात आल्या. बारक्या ट्रेनिंगला गेला, परत आला, खाणीवरच्या खोलीत राहायला गेला. घरातून कपडे न्यायला आला तेव्हा दादाने त्याची बॅग रिक्षापर्यंत नेऊन दिली. ती आत ठेवून तो मागे फिरला. बारक्या माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

दादा आता घरासमोरच काम करतो. लोक जनरेटर आणतात, फवारणीचे पंप आणतात, जुन्या मोटरसायकली आणतात. काम कमी नाही. त्याने मला एका शब्दाने दुखावलेलं नाही. चष्मा सापडला नाही की मलाच हाक मारतो, जेवायला माझी वाट बघतो, माझं शिवणयंत्र अडलं तर रात्रीच्या आत चालू करून देतो. कोणी बाहेरचा बघेल तर म्हणेल, बहीण-भाऊ असावेत तर असे.

कपाटातली ती गुलाबी झाकेची बाटली मी मागेच टाकून दिली. दुसरी आणू का, असं एकदा विचारलं. "आणलीये मी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतः दुकानात गेला होता. बाटली त्याच्या अवजारांच्या पेटीत असते. पेटीला आता कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या खिशात.

परवा एक पंप दुरुस्त करून झाला. मी शेजारीच भोपळ्याच्या बिया सोलत बसले होते. स्क्रू बसला, पंप नीट चालला, दादाने पेटी उघडली. मग माझ्याकडे पाठ करून बसला आणि ठिपका लावला. कोणता रंग आणलाय, ते मला अजून माहीत नाही.